गॉन, बीन

फळ्यावर दोन वाक्यं लिहिली,
एकाखाली एक, शब्दाखाली शब्द:
ही हॅज गॉन टु खम्मम.
ही हॅज बीन टु खम्मम.

खम्मम मुद्दाम. माघ सरता सरता
अर्धं गाव तिकडं मिरची तोडायला असतं.
हजेरीत एकवीस नावं, बाकांवर नऊ डोकी.
पुस्तकात लंडन होतं.
लंडनला आमच्याकडून कुणी गेलेलं नाही.

म्हटलं, दोन्हीत माणूस निघाला, तिथवर सारखंच.
गॉन म्हणजे गेला आणि अजून तिकडंच,
त्याची खाट इथं भिंतीला उभी टेकवलेली.
बीन म्हणजे गेला, राहिला, परत आला,
बोटांची आग अजून उतरली नाही,
घरात पोतंभर मिरची,
आणि हा बोडीच्या काठाला बसून
तिकडच्या पाण्याला नावं ठेवतो आहे.

बीनला मराठीत एक शब्द नाही.
आपण दोन क्रियापदं जोडून भागवतो: जाऊन येणं.
म्हणून तर दारातून कुणी 'जातो' म्हणत नाही आपल्याकडं,
'येतो' म्हणून निघतो,
परतीचं क्रियापद आगाऊ घेऊन.

नैतिक जेंगठे करंगळी वर करून उभा.
'सर, आय हॅव गॉन टु टॉयलेट.'
तू इथं उभा आहेस, मी म्हटलं, मग गेला कोण?
गॉन स्वतःबद्दल सांगता येत नाही बाबा,
ज्याला ते लागू पडतं, तो सांगायला नसतो.
पोरं हसली. तो चड्डी सावरत पळाला.
माझं मलाच वाक्य जरा मोठं झाल्यासारखं वाटलं,
डस्टर उगाच टेबलावर आपटलं.

तेव्हा मागच्या बाकावरून आचल दडमल:
'सर, गॉनच्या मांगं टु नसन तं चालते का?'

व्याकरणाचा प्रश्न. सातवीत कुणी विचारत नाही.
चालतं, म्हटलं.
टु गळालं की ठिकाण गळतं.
कधी कधी हॅजसुद्धा जातं, इज येतं.
'मंजे नुसतीच गेली.'
नुसतीच गेली.
'मंग आपल्यासारखंच हाये,' ती म्हणाली आणि खाली बसली.

मागच्या मोहाच्या दिवसांत
पहाटे चौघी टोपल्या घेऊन रानात गेल्या,
तिघी आल्या.
मग झाडांना कॅमेरे बांधले, वाटेवर फलक लावला.
फलकावर शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या,
मी कुणाला सांगितल्या नाहीत.

वह्या तपासायला घेतल्या.
बीन वापरून एक वाक्य करा, असं दिलं होतं.
कुणाचा बाप, कुणाचा मामा खम्ममला जाऊन आलेला,
एकाची शेळी सिंदेवाहीला.
आचलनं लिहिलं होतं,
तिरप्या अक्षरात, टीच्या आडव्या रेघा विसरून:
माय मदर हॅज बीन टु द फॉरेस्ट मेनी टाइम्स.

नियम मला पाठ आहे.
हॅज हयात माणसाला लागतं,
त्याच्या खात्यात अजून फेऱ्या जमा व्हायच्या असतात.
बाकीच्यांना वेंट.
हॅज खोडायचं, बीन खोडायचं,
वर एकच शब्द लिहायचा, लाल.

पण मेनी टाइम्स खरं होतं.
कितीदा ती जाऊन आली होती,
मोहफुलं, तेंदूपानं, डिंक, शिंदीचे फडे, सरपण
डोक्यावरून उतरवून
दारातच पाणी मागितलं होतं.
तेवढ्या सगळ्या वेळा.
एक सोडून.

नैतिक ओले हात झटकत दारात आला,
छाती फुगवून ओरडला, 'सर, आय हॅव बीन!'
वर्ग खदखदला. आचलसुद्धा, तोंडावर हात धरून.
बरोबर आहे, मी म्हटलं, बस खाली.

पेनाचं टोपण दातात होतं.
वही अजून उघडी.